काचेवर रेघ उठत नाही

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

थंडी जमली. रात्रभर हॉलचा एसी १८ वर, सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी, त्यामुळे घरभर एकसारखा डिसेंबर. अंगावर सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी. स्वतः शिवलेली, जुन्या साड्यांची. आता गोधडी पांघरायची तर थंडी हवी, आणि सिंगापुरात थंडी हवी तर एसी हवा. यात चैन वगैरे काही नाही. सासूबाईंच्या हातच्या कामाचा मान राखणं आहे. मेधाला हे समजावून सांगितलं. ती दात घासत होती, त्यामुळे उत्तर नीट कळलं नाही.

उठून पाहतो तर बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच पांढरीधोप. खालचा स्विमिंग पूल दिसेना, समोरचा टॉवर दिसेना. मध्येच पाण्याचे ओघळ. बोटाने रेघ मारून पाहिली. रेघ उठली नाही. पुन्हा जोर लावून मारली. नाही. म्हणजे ही साधी वाफ नव्हे. चिवट आहे. तेलाचा अंश असावा.

मी मुळात मेकॅनिकलचा इंजिनिअर. पुढे सगळी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये गेली, पण पिंड मेकॅनिकलचाच. आठवड्यात निकाल लावतो.

रात्री

व्हिडिओ पाहिले. कॅनडातला एक दाढीवाला माणूस हिवाळ्यात काचांवर पाणी का साचतं, त्याचा बर्फ कसा होतो, तो दाराच्या फटीत शिरून दार कसं अडकवतो, हे फार छान सांगतो. त्याचं म्हणणं, हे पाणी आकाशातून पडत नाही. घरातलंच कोणीतरी ते हवेत सोडत असतं. स्वयंपाक, गरम पाण्याची आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे. सोर्स शोधा, असं तो पुन्हा पुन्हा बजावतो. त्याच्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आहे, एवढा तपशील सोडला तर केस तंतोतंत आपली.

संकल्प: सोर्स शोधणे.

३ डिसेंबर, मंगळवार

सोर्स शोधायला वेळ लागला नाही. मेधा दिवसभर बँकेत. मी ऑफिसात. आमच्या लेकीला, जाईला, शाळेची सुट्टी, म्हणजे ती आयपॅडवर, आणि आयपॅडला वाफ येत नाही. उरलं कोण? नाव लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडली तर गैरसमज व्हायचा.

निरीक्षणं. सकाळी आल्याचा चहा, मग पोह्यांची फोडणी, मग कुकर. कढत पाण्याने आंघोळ. सुती साडी जाईच्या खोलीत दोरीवर. संध्याकाळी तर कहर: पातेल्यात उकळतं पाणी, निलगिरीचे थेंब, डोक्यावर टॉवेल आणि वाफारा.

सासूबाईंना दमा आहे. (नाव लिहिलं गेलं.) साताऱ्याच्या थंडीत त्रास वाढतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की हिवाळा कुठेतरी उबेत काढा. मेधाने लगेच तिकीट काढून इकडे आणलं. विमानतळावर मीच म्हणालो होतो, आई, इथे थंडी औषधालासुद्धा मिळायची नाही. तरी त्या घरात कानटोपी आणि स्वेटर घालून बसतात. सवय असेल.

४ डिसेंबर, बुधवार

रात्री जेवताना विषय काढला. अगदी सौम्यपणे, कोणाचं नाव न घेता. म्हटलं, काही काही घरांत फोडणीचं प्रमाण जरा जास्तच असतं, त्याचा काचांवर परिणाम होतो. सासूबाई आमटी वाढत होत्या, त्यांचा डाव तसाच हातात राहिला. मग म्हणाल्या की चुकलंच माझं उन्मेषराव, उद्यापासून झाकण ठेवून करीन.

जावयाशी वाद घालायचा नाही, हा त्या पिढीचा गुण मला फार आवडतो. मेधाने भाताचं पातेलं मात्र माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी सरकवलं.

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७

काच कोरडी! लख्ख! समोरच्या टॉवरमधला माणूस बाल्कनीत उभा राहून दात घासताना स्वच्छ दिसला. नुसत्या झाकणाने हा फरक. सोर्स सापडला की बाकी सगळं सोपं असतं.

काँडोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, मराठी ग्रुपवर सविस्तर पोस्ट टाकली. मथळा: हिवाळ्यात काचांची निगा, काही अनुभवाचे बोल. वरच्या मजल्यावरच्या प्रतापने विचारलं, कुठला हिवाळा? उत्तर दिलं नाही. नव्या विचाराला सुरुवातीला विरोध व्हायचाच.

६ डिसेंबर, शुक्रवार

कोरडी.

सासूबाईंचा पदर सकाळी चांगलाच ओला दिसला. विचारलं, तर म्हणाल्या, तुळशीला पाणी घालताना सांडलं. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालतात, स्तोत्र पुटपुटतात. श्रद्धेला विरोध नाही. पण ओला पदर घेऊन घरभर वावरणं हाही छोटा सोर्सच. आज काही बोललो नाही. एका वेळी एक.

८ डिसेंबर, रविवार

काच ओली. ओघळ. रेघ उठत नाही.

सासूबाई आज उशिरा उठल्या. रात्रभर खोकत होत्या, पहाटे कुठे डोळा लागला, असं मेधा सांगते. मी गोधडीत असल्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. फराळाच्या डब्यातला चिवडाही सादळला आहे. डबा जाईने उघडा टाकला, असं मेधाचं म्हणणं. पण हवेत पाणी असल्याशिवाय चिवडा सादळेल कसा? चौकशी केली. जाईने सहज सांगितलं की काल आजीने वाफारा दोनदा घेतला. तोंडाने कबुली द्यावी तसा पुरावा.

दुपारी बोललो. म्हटलं, आई, काही दिवस वाफारा बंद ठेवून बघू. ट्रायल म्हणून. त्या म्हणाल्या, तुमच्या घराला त्रास होत असेल तर नको घ्यायला. तुमच्या घराला, हे शब्द जरा लागले. पण भावनेच्या भरात प्रयोग सोडला तर हाती काहीच लागत नाही.

रात्री मेधाशी वाद. ती म्हणते, एसी बंद कर. मी म्हटलं, एसी हवेतला दमटपणा शोषून घेतो, हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. तिने विचारलं, मग काच ओली का? म्हटलं, तेच तर शोधतोय! ती कुशीवर वळली. गोधडी पूर्ण माझ्याकडे आली.

९ डिसेंबर, सोमवार

काच कोरडी!! वाफारा बंद, काच कोरडी. यापेक्षा स्वच्छ निष्कर्ष मी नोकरीतसुद्धा काढलेला नाही.

सासूबाईंनी चहाचा कप हातात दिला तेव्हा त्यांची बोटं लागली. बर्फासारखी गार. विचारलं, थंडी वाजते का? म्हणाल्या, नाही हो, मी साताऱ्याची, मला सवय आहे. मी मेधाकडे, बघितलंस ना, अशा अर्थाने पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

११ डिसेंबर, बुधवार

आज रजा. कॅनडावाल्याच्या सांगण्याप्रमाणे दाराच्या काचेला आतून प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म लावली. कडेने चिकटपट्टी, मग हेअर ड्रायरने गरम करत ताणायची. फिल्म बऱ्यापैकी बसली. बुडबुडे राहिलेत, त्यातल्या एकातून समोरचा टॉवर दोनदा दिसतो. मेधाचा ड्रायर आता गरम हवा सोडत नाही, फक्त आवाज करतो. संध्याकाळी बघू.

जाई सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होती. इथल्या मुलांसारखा वाक्यामागे ला लावत म्हणाली, बाबा, राँग साइड ला. मी विचारलं, इंजिनिअर कोण आहे? ती म्हणाली, ओके ला. पुढे आणखी काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरातून लाडू आणायला पिटाळलं. मुलांनी मोठ्यांना मध्येच तोडू नये, हे त्यांनी न बोलता शिकवलं. याबाबतीत आमचं जमतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार. रात्री

काच रोज कोरडी. फिल्म, झाकण, वाफाराबंदी, तिन्हीचा एकत्रित परिणाम. जाईच्या खोलीतली दोरीही काढली. साडी आता बाथरूममध्ये वाळते. म्हणजे वाळत नाही, पण असते.

खोकला वाढला आहे. आज गोधडीतूनही ऐकू आला. एक उबळ येते, ती संपली असं वाटतं, मग दुसरी. उठून एसी बंद करावा असं वाटलं. रिमोट उशाशीच होता. पण ट्रायल अर्ध्यात मोडली तर निष्कर्ष निघत नाही. गोधडी डोक्यावरून घेतली.

हे लिहायला नको होतं.

१५ डिसेंबर, रविवार

चैत्राली आली होती. सासूबाईंच्या बहिणीची मुलगी, इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करते, वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने शाल मागितली. विनोद म्हणून असेल. मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

मग तिने खोकला ऐकला. विचारलं, मावशी, वाफारा घेत नाहीस का तू? मी तेव्हा बेसनाचा लाडू खात होतो. सासूबाई म्हणाल्या, विसरते गं हल्ली.

उरलेला लाडू बशीत ठेवला. पाणी प्यायलो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी ट्रायलची पूर्ण भूमिका मांडू शकलो असतो. आता काय मांडणार?

चैत्राली म्हणाली, चार दिवस माझ्याकडे चल, माझ्याकडे एसी नाहीच, फॅन आहे फक्त. मेधाने तिचं वाक्य संपायच्या आत बॅग काढली. एवढी घाई करायची गरज नव्हती. जाताना सासूबाई मला म्हणाल्या, तेवढं तुळशीला पाणी घाला हं, उन्मेषराव. पहाटेच घातलेलं बरं. मी म्हटलं, काळजी करू नका.

झालं ते एका परीने बरंच झालं. मेधाला म्हटलं, आता बघ, काच कायमची कोरडी राहील. तिने विचारलं, हे तू मोठ्याने बोललास का?

१६ डिसेंबर, सोमवार

काच ओली. इतकी आजवर कधीच नव्हती. फिल्ममागे नुसता पांढरा पडदा.

घाबरण्याचं कारण नाही. इतक्या दिवसांची वाफ भिंतींत मुरलेली असणार, ती आता बाहेर येत आहे. मेधाने काच पाहिली. मग मला पाहिलं. मग बँकेत गेली.

तुळशीला पाणी घालायचं राहिलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

ओली. भिंतींत बरीच वाफ मुरली होती म्हणायची.

प्रतापने ग्रुपवर विचारलं आहे, हिवाळा कसा चाललाय? त्याखाली सात जणांचे हसरे चेहरे. तुळशीने मान टाकली आहे. उद्या नक्की.

१८ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.३०

तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत गेलो. कितीतरी दिवसांनी. बाहेर पाऊल ठेवलं आणि चष्मा पांढरा झाला. काही दिसेना. हातात तांब्या, म्हणून चष्मा पुसता येईना. दिसू लागेपर्यंत थांबावं म्हणून दाराला पाठ टेकली.

पाठ चिंब झाली. गार पाण्याचा ओघळ थेट कमरेपर्यंत.

तांब्या खाली ठेवला. वळलो. बोटाने काचेवर रेघ मारली.

उठली.

आणखी एक मारली. तीही उठली. बाहेरून. पाणी बाहेरून होतं. दोन्ही वेळा आतून बोट घासलं, तेही कोरड्या काचेवर. बाहेर सिंगापूर, दमट आणि ऊबदार. आत माझा १८ चा डिसेंबर. गार काचेला बाहेरची हवा भिडते आणि पाणी सुटतं, आत्ता माझ्या चष्म्याला सुटलं तसं. कॅनडावाल्याच्या बरोबर उलट. त्याचा हिवाळा बाहेर आहे. इथला हिवाळा मी केला होता. फोडणी नव्हे, साडी नव्हे, वाफारा नव्हे.

वाफारा नव्हे.

लाज वाटली. अंग आक्रसून जावं तशी. समोरच्या टॉवरमधला माणूस दात घासायचा थांबून माझ्याकडे बघत होता. मी बाहीने भराभर सगळी काच पुसून टाकली, जणू ती ओली असणं हाच गुन्हा होता. आत आलो तर मेधाने विचारलं, पाठ, बाही, सगळं ओलं कसं काय? माझ्या तोंडून निघून गेलं, तुळशीला पाणी घालताना सांडलं.

हे वाक्य आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. आठवेना.

संकल्प: १. एसी बंद. २. मेधाला टप्प्याटप्प्याने सांगणे. ३. सासूबाईंना सन्मानाने परत आणणे आणि माफी मागणे. शक्यतो तो शब्द न वापरता.

१९ डिसेंबर, गुरुवार

एसी बंद. घामाने उशी भिजली. काच कोरडी ठणठणीत. मेधाने विचारलं, एसीला काय झालं? म्हटलं, सर्व्हिसिंग करायचं आहे. हा पहिला टप्पा.

२१ डिसेंबर, शनिवार. रात्री

वुडलँड्सला जाऊन आलो. एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, पूर्ण वेळ भाषण जुळवत होतो. आई, माझी समजण्यात चूक झाली, अशी सुरुवात. चूक झाली की चूक केली, यावर दोन स्टेशनं गेली. शेवटी केली ठरवलं.

चैत्रालीच्या फ्लॅटची दारं-खिडक्या उघडी. वर फॅन. खिडकीबाहेर बांबूवर सासूबाईंची साडी, वाऱ्यावर फडफडत होती. अंगात स्वेटर नाही, डोक्याला कानटोपी नाही. खोकला नाही. ओट्यावर वाफाऱ्याचं पातेलं पालथं घातलेलं. दोघी मावशी-भाची कशावरून तरी हसत होत्या. सासूबाई हसताना थेट मेधासारख्या दिसतात. त्या येऊन महिना होत आला, पण त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला बघून हसू आवरतं घेतलं. लगबगीने पानं घेतली. मी म्हटलं, आई, घरी चला. येईन की, म्हणाल्या. मग पोळी लाटता लाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, काचा काय म्हणतात हो? मी आले इकडे, आता कोरड्या राहतात ना?

हीच ती वेळ होती. आई, माझी समजण्यात चूक, इथपर्यंत जिभेवर आलं होतं. चैत्राली समोर. पोळीचा वास.

मी हो म्हणालो.

लाटणं क्षणभर थांबलं. मग त्या म्हणाल्या, बरं झालं हो, तुमच्या डोक्याचा घोर गेला. आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मग म्हणाल्या, तर मी परत जाईपर्यंत इथेच राहते. तुमच्या काचा कशाला पुन्हा बिघडवू?

चैत्राली पाणी आणायला म्हणून उठून गेली ती बराच वेळ आलीच नाही.

परतताना गाडीत विचार केला. एसी बंद आहे, काचा खरोखरच कोरड्या आहेत. तेव्हा हो हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. आमचं बूनले स्टेशन येईपर्यंत यावर विश्वास होता.

२२ डिसेंबर, रविवार. सकाळी

एसी बंद. गोधडी घडी करून पायथ्याशी. रात्री उकाड्यात तिच्याकडे बघवेना. साड्यांचे तुकडे ओळखू येतात. एक हिरवा, एक जांभळा. हे सगळं आपल्यासाठी बसून शिवलं, हे आधीही माहीत होतंच म्हणा.

फिल्म काढायला घेतली. जाई बुडबुडे फोडायला मदत करत होती. तिला सहज विचारलं, त्या दिवशी राँग साइड म्हणालीस, तुला कसं कळलं गं?

बुडबुडा फोडत ती म्हणाली, आजीने दाखवलं. आजी रोज पहाटे तुळशीला पाणी घालायची, मग बाहेरून सगळी काच पुसायची. पदराने. एव्हरी डे ला. त्या संडेला ती झोपली म्हणून काच वेट होती.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत?

जाई म्हणाली, आजी म्हणाली, बाबांना नाही सांगायचं. बाबांना वाईट वाटेल. काच ड्राय बघून बाबा सो हॅपी असतात, असू दे.

मग ती ब्रेड खायला गेली.

माझी झाकणं, माझी फिल्म, माझा स्वच्छ निष्कर्ष. सगळं त्यांच्या पदराने पुसलेलं. थंडीत खोकत, मी उठायच्या आत, मला बरं वाटावं म्हणून. आणि काल त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक होतं. झाकणाच्या त्या पहिल्या सकाळपासून ठाऊक होतं. बोलायला मला जागा करून दिली होती, तीही माझ्याकडे न बघता, म्हणजे मला सोपं जावं. मी हो म्हणालो, आणि वर पोळीला तूप मागितलं. तुपाचं काल लिहिलं नव्हतं.

एवढी लाज मला कधी वाटली नाही.

चैत्रालीला फोन लावला. ती म्हणाली, मावशी वाफारा घेतेय, दहा मिनिटांनी कर.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. ही नोंद नीट पूर्ण करतो, मग करतो.